साखळीची टाकी आणि राजापूरची गंगा

रत्नागिरीत आमच्या आजीच्या संडासात एक लोखंडी टाकी होती. पार वर, छताला टेकेल इतकी उंच. तिला लोंबती साखळी. साखळी नुसती ओढून धरली तर काही होत नसे. ओढायची आणि चटकन सोडायची! मग वर धाडकन आवाज, सूंऽऽ करत पाणी, आणि शेवटी एक लांबलचक गुर्रर्र. रात्री त्या गुर्ररला मी जाम घाबरायचो.

एकदा प्लंबरकाका टाकी उघडून बसले होते. मीही स्टुलावर चढून डोकावलो. मला वाटलं होतं, तळाला भोक असेल आणि भोकाला बूच. पण बूच नव्हतंच! तळातून एक पाइप उभा वर आलेला, त्याचं तोंड पाण्याच्याही वर. त्यावर उपडी घातलेली एक जड लोखंडी घंटा.

मग पाणी पाइपात चढतं कसं? साखळी ओढली की घंटा वर उचलली जाते. सोडली की ती दाणकन खाली बसते आणि आतलं पाणी पाइपाच्या तोंडावरून उसळून आत पडतं. एकदा पाइप भरून पाणी खाली धावलं, की ते मागच्या पाण्यालाही घेऊन जातं; टाकीतल्या पाण्यावर हवेचा दाब असतोच ढकलायला. याला म्हणतात सायफन, म्हणजे वक्रनलिका. पाणी घंटेच्या काठाखाली गेलं, की आत हवा शिरते आणि सायफन तुटतो. गुर्रर्र होतं ते तेव्हाच!

इकडे पाण्याबरोबर तरंगता गोळाही खाली गेलेला असतो. त्याचा दांडा नळ उघडतो. पाणी चढलं की गोळा चढतो आणि नळ बंद. हाच बॉल कॉक. तो अडकला तर जादा पाणी जायला बाजूला वेगळी वाट ठेवलेली असते.

आणि टाकी इतकी उंच का? जितक्या उंचावरून पाणी पडेल, तितका जोर जास्त. आताची टाकी भांड्याच्या पाठीलाच बसते, म्हणून तिच्या तळाला चांगलं रुंद भोक असतं, त्यावर रबरी झाकण. बटण दाबलं की झाकण उचलतं. दोन बटणं असतील तर छोटं साधारण 3 लिटर सोडतं, मोठं 6. जुनी टाकी एका दमात 10 लिटर तरी ओतायची.

पण झाकणाखाली कचऱ्याचा कण अडकला, की थेंब थेंब गळती सुरू. सायफनमध्ये पाण्याखाली उघडं भोकच नाही, मग गळणार कुठून? ब्रिटनमध्ये तर 2001 सालापर्यंत टाकीला सायफनच हवा, असा नियम होता. पावसाळ्यात धो धो भिजणाऱ्या आपल्या रत्नागिरीत एप्रिल-मे आला की विहिरी तळ दाखवतात. तेव्हा गळती पकडायची युक्ती सांगतो. टाकीत कपड्यांची नीळ टाका आणि अर्धा तास फ्लश करू नका. भांड्यात निळं पाणी दिसलं, की चोर सापडला! मी आधी कोकमाचं आगळ घेऊन निघालो होतो. आजी कडाडली, "सोलकढीला पुरत नाही, नि तू संडासात ओततोस?"

आता खरी गंमत. राजापूरजवळ उन्हाळे गावी गंगा प्रकटते, ते ऐकलंय ना? कोरड्या कुंडांत एकाएकी पाणी येतं, काही महिने वाहतं आणि गुप्त होतं. पूर्वी ती साधारण दर तीन वर्षांनी यायची. अलीकडे तिचं वेळापत्रक बिघडलंय. याचं एक कारण सांगतात ते सायफनचंच. खडकाच्या पोटात पोकळी, आणि तिला वर चढून खाली उतरणारी वाकडी वाट. झिरपून झिरपून पाणी त्या वाकणाच्या माथ्यावर पोचलं, की गंगा सुरू. पोकळीत हवा शिरली, की बंद.

म्हणजे आजीच्या टाकीचीच थोरली बहीण! फक्त हिला साखळी नाही, आणि स्टुलावर चढून आत डोकवायची सोयही नाही.