वसईच्या घंटा आणि कोमल गंधार

वाईजवळ मेणवलीत नाना फडणवीसांच्या वाड्यामागे कृष्णेचा घाट आहे. ‘स्वदेस’ पाहिलेल्यांना तो ओळखीचा वाटेल. घाटावर मेणेश्वराचं देऊळ आहे आणि तिथेच एका छोट्या दगडी घुमटीत एक अवाढव्य घंटा टांगलेली आहे. वजन साडेसहाशे किलोच्या आसपास सांगतात. तिच्या अंगावर बाळ येशूला घेतलेली मेरी आहे आणि साल आहे १७०७. ज्या साली औरंगजेब नगरजवळ मेला, त्या साली ही घंटा ओतली गेली.

शंकराच्या दारात मेरी आली कशी, हे बहुतेकांना ऐकून माहीत असतं. चिमाजी अप्पांनी मे १७३९ मध्ये वसई घेतली. पोर्तुगीजांना मानानं बाहेर पडू दिलं गेलं, मागे चर्च राहिली आणि त्यांच्या मनोऱ्यांतल्या घंटा महाराष्ट्रभर देवळांत गेल्या. भीमाशंकरला एक आहे, पालीच्या बल्लाळेश्वराला एक आहे, नाशकात गोदाकाठी नारोशंकराच्या देवळात एक आहे. नानांचा जन्म १७४२ चा, म्हणजे वसई पडली तेव्हा ते जन्मलेही नव्हते. तेव्हा मेणवलीची घंटा वसईहून थेट घाटावर आली नाही, मधे कुठेतरी मुक्काम करून आली हे उघड आहे.

मला नवल वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. या घंटा वितळवल्या कशा नाहीत?

त्या काळी घंटा म्हणजे तयार तोफच. दोन्हींची धातू एकच, तांबं आणि कथील. तोफेत कथील साधारण दहावा हिस्सा, घंटेत जवळजवळ पाचवा. कथील जास्त म्हणून घंटा कडक होते आणि घुमते, पण तेवढीच ठिसूळ. तोफ करायची तर वरून तांबं घालायचं, की झालं. युरोपात हे सर्रास चाले. नार्व्हाच्या लढाईत १७०० साली तोफखाना गमावल्यावर रशियाच्या पीटरनं स्वतःच्याच देशातल्या चर्चांच्या घंटा उतरवून तोफा ओतवल्या. फ्रान्समध्ये राज्यक्रांतीनंतर हजारो घंटा भट्टीत गेल्या. आपल्याकडे पेशव्यांना तोफांची ददात कायमचीच. तरीही साडेसहाशे किलोचं कांसं घाट चढवून देशावर आणायचं आणि देवळात टांगून द्यायचं, याला व्यवहार म्हणत नाहीत. विजयाची निशाणी म्हणा, नवस फेडणं म्हणा. माझं मत विचाराल तर या लोकांनी ती घंटा आधी वाजवून पाहिली असणार. एकदा तो आवाज ऐकल्यावर भट्टी पेटवायला हात धजणार नाही.

मी पेटी वाजवणारा माणूस. घंटा दिसली की आधी तिचा सूर शोधायचा, ही जुनी खोड. मोठ्या युरोपीय घंटेवर एक टोला पडला की एकदम पाच सूर बाहेर पडतात: तळाला खर्जातला सा, वर मधला सा, मग कोमल गंधार, पंचम आणि तार षड्ज. शुद्ध नव्हे, कोमल! म्हणून त्या नादात एक उदासवाणेपण असतं. हे गुपित आकारात आहे. लोलक आपटतो ती कड सगळ्यात जाड, वर कमरेशी पत्रा पातळ, खांद्याशी पुन्हा वळण. प्रत्येक भाग आपापल्या चालीनं थरथरतो. कारागिरांनी शतकानुशतकं ओतून, फुकट घालवून, परत ओतून हा आकार बसवला. सतराव्या शतकात हॉलंडमध्ये याकोब व्हान आइक या अंध वादकानं यातला एकेक सूर कानानं वेगळा काढला, आणि हेमोनी बंधूंनी घंटेची आतली बाजू खरडून ते सूर जागच्या जागी बसवले. पोर्तुगीजांच्या घंटा काही हेमोनींच्या नव्हेत, पण आकार त्याच घराण्यातला, म्हणून सुरांची मांडणीही त्याच वळणाची.

हा कोमल गंधार इतका हट्टी, की तो काढून तिथे शुद्ध गंधार बसवायला १९८० चं दशक उजाडावं लागलं. हॉलंडमध्येच संगणकावर आकडेमोड करून तशी घंटा बनवली, तर तिचं पोट बाहेर आलं! दिसायला ती मला तरी बरी वाटत नाही.

याहून गंमत पुढे आहे. टोला पडताक्षणी जो मुख्य सूर कानावर येतो, तो खरं तर घंटेत नसतोच. लॉर्ड रेली या इंग्रज शास्त्रज्ञानं १८९० मध्ये घंटांवर निबंध लिहिला. त्याच्या लक्षात आलं, की आपल्याला ऐकू येणारा सूर हा घंटेच्या एका वरच्या कंपनाच्या बरोबर सप्तकभर खाली आहे. वरचे तीन ठळक सूर ऐकून मेंदू स्वतःच हिशेब करतो आणि त्यांचा पाया म्हणून एक सूर मनानं घालतो. मागाहून जो घुमत राहतो तो मात्र खराखुरा, तळाचा खर्ज. त्यात लाटेसारखा चढउतार ऐकू येतो, कारण कुठलीच घंटा पूर्ण गोल नसते. दोन बाजू किंचित वेगळ्या वेगानं थरथरतात आणि त्यांचे सूर एकमेकांशी भांडतात.

गावोगाव सांगतात, घंटेत सोनं आहे म्हणून आवाज गोड. युरोपातही हीच कथा आहे, फक्त तिथे चांदी. घंटा ओतताना भाविक चांदीची नाणी भट्टीत टाकायला आणत. प्रत्यक्षात चांदी किंवा सोनं घातल्यानं नाद सुधारत नाही. घंटा घुमते ती कथिलानं. जुन्या गोव्याच्या से कॅथेड्रलमधल्या मोठ्या घंटेला ‘सोन्याची घंटा’ म्हणतात, तेही नादासाठीच.

श्रद्धेच्या बाबतीत मात्र या घंटांना घर बदलल्यासारखं वाटलं नसावं. कॅथलिक पाद्री घंटेला तेल लावून, मंत्र म्हणून चक्क बारसं करीत, संताचं नाव ठेवीत. वादळ आलं की वीज पांगावी म्हणून घंटा बडवीत, आणि उंच मनोऱ्यात ओला दोर धरून उभे असलेले घंटावाले विजेनं मरत. आपल्याकडे पूजेच्या सुरुवातीला घंटा वाजवायची ती देव यावेत आणि राक्षस पळावेत म्हणून. वाजवण्याची रीत तेवढी निराळी. तिकडे घंटा मनोऱ्यात उंच, ऐकणारा मैलभर दूर. इकडे लोलक हातात आणि डोकं थेट घंटेखाली.

नाशकात मात्र वसईची घंटा पुन्हा उंचावर बसली. नारोशंकर राजेबहाद्दरांनी १७४७ मध्ये देऊळ बांधलं आणि १७२१ चं साल कोरलेली घंटा नदीकडच्या कोटाच्या माथ्यावर टांगली. आवाज गोदावरीपार जाई, आणि खणखणीत आवाजाच्या माणसाला नाशिककर आजही ‘नारोशंकराची घंटा’ म्हणतात. पुराच्या दिवसांत पाणी दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागलं का, छातीला का, असं विचारत विचारत पुढची खूण याच घंटेची.

तुमच्या गावच्या देवळात मोठी, खांदे गोलसर, कड जाड अशी घंटा असेल तर वाजवण्याआधी तिच्याभोवती एक फेरी मारा. अंगावर उठावाची अक्षरं, क्रूस किंवा साल आहे का पाहा, आणि फोटो काढून तालुक्याच्या वाचनालयात किंवा इतिहास शिकवणाऱ्या कुणाकडे द्या. देवस्थान समितीत असाल तर दोन गोष्टी कराच. घंटेला ऑइल पेंट लावू देऊ नका, त्यानं अक्षरं बुजतात. आणि लोलक पिढ्यान्‌पिढ्या एकाच जागी आपटत असेल तर जाणकाराच्या देखरेखीखाली घंटा थोडी फिरवून घ्या. एकाच ठिकाणी मार खाऊन कांस्याला तडा जातो, आणि तडा गेलेली घंटा सहजासहजी सुरात येत नाही.