स्पिटफायरवरचं लाल टिंब

तीन आठवडे खपून आमच्या वर्गातल्या एका मित्राने स्पिटफायर पूर्ण केलं. १:७२ मापाचं प्लॅस्टिकचं मॉडेल, तळहातावर मावेल एवढं. आजीच्या वाढदिवसाला द्यायचं होतं. आजीचे वडील, म्हणजे त्याचे पणजोबा, दुसऱ्या महायुद्धात हवाई दलात फिटर होते. नारायण पेठेतल्या घरात त्यांचा एकच फोटो आहे: स्पिटफायरला टेकून उभे, हाफ पँट, मागे पेनाने लिहिलेलं '१९४५, बर्मा'.

मॉडेल फोटोशेजारी ठेवलं आणि घोळ लक्षात आला. किटमधल्या स्टिकरवरच्या गोल चिन्हात मधोमध लाल टिंब. फोटोतल्या चिन्हाचा मध्य मात्र फिकट.

फोटो कृष्णधवल, मग रंग कळणार कसा? इथे मला पहिल्यांदा या छंदातली मजा कळली. त्या काळातल्या काही फिल्मवर लाल जवळपास काळा दिसायचा आणि निळा फिकट. लाल नेहमीच्या फिल्मवरही गडद राखाडीच येतो. म्हणजे मध्य फिकट असेल तर तिथे लाल नाहीच. कारणही साधं आहे. जपानी विमानांवर लाल गोळा असायचा. हवेत क्षणभर लाल दिसलं की आपलेच लोक आपल्यावर गोळ्या झाडायचे. म्हणून भारत-बर्मा आघाडीवरच्या विमानांवरून लाल काढून टाकला. बाहेर गडद निळा, आत फिकट निळा. १९४५च्या सुमारास पंखांवर आणि शेपटीवर पांढरे पट्टेही आले. फोटोत ते स्पष्ट आहेत, आम्हाला ऊन पडल्यासारखं वाटलं होतं!

किट बनवणारे बहुतेक वेळा युरोपातल्या विमानांची चिन्हं देतात. आपल्याकडचे उत्साही लोक उलट चूक करतात, युद्धातल्या विमानावर थेट तिरंगी गोल चिकटवतात. स्वातंत्र्यानंतर आपल्या विमानांवर आधी अशोकचक्र होतं. केशरी-पांढरा-हिरवा गोल १९५० पासूनचा. म्युझियममधलं विमान बघून रंगवायचं म्हटलं तरी जपून. दिल्लीत पालमच्या हवाई दल संग्रहालयात स्पिटफायर आहे, पण प्रदर्शनातली विमानं नंतर पुन्हा रंगवलेली असू शकतात. फोटो तो फोटोच, तोही तारखेसकट.

मित्राने चिकटपट्टीने सगळी चिन्हं उपटली. सोबत थोडा रंगही निघाला, मग दोन दिवस पॉलिश पेपर. बर्मा आघाडीवरचा गोल बऱ्याचदा १६ इंची असायचा. ७२ने भागा, जेमतेम साडेपाच मिलिमीटर. ते त्याने कंपास आणि ब्रशने हाताने काढले. चौथ्या प्रयत्नात जमले. (पहिले तीन मी पाहिलेत, वाईट होते.)

खरा पेच सीरियल नंबरचा. ब्रिटिश पद्धतीत दोन अक्षरं आणि तीन आकडे. फोटोत शेवटचे दोन आकडे दिसतात, बाकीचे पणजोबांच्या खांद्याआड. मी म्हटलं, "टाक ना काहीतरी, कोण बघतंय?" तो भडकलाच. "मग ते त्यांचं विमान कसं राहील? कुठलंतरी स्पिटफायर होईल." यावर आमचा अर्धा तास वाद झाला, दोन कटिंग संपले. शेवटी त्याने दोनच आकडे लिहिले.

वाढदिवसाला मीही गेलो होतो. आजींनी चष्मा लावून विमान फिरवून फिरवून पाहिलं आणि रिकाम्या जागेवर बोट ठेवलं.

"इथलं लिहायचं राहिलं का रे?"

"राहिलं नाही आजी. तिथे तुझे बाबा उभे आहेत."

आजींनी फोटो उचलला, विमान त्याच्याशेजारी त्याच कोनात वळवून ठेवलं आणि आम्हाला आत श्रीखंड घ्यायला पाठवलं.