ग्रॅनाइटी शिलारसाचे आरोहण आणि शीतन

स्वयंपाकघरातील ग्रॅनाइटच्या ओट्यात पांढरे, गुलाबी, करडे कण नुसत्या डोळ्यांनी वेगळे ओळखता येतात. सह्याद्रीच्या काळ्या पाषाणात, म्हणजे बेसॉल्टमध्ये, ते सहसा तसे दिसत नाहीत. (बाजारात ‘काळा ग्रॅनाइट’ म्हणून विकला जाणारा दगड बहुधा ग्रॅनाइट नसतोच. व्यापाराची आणि शास्त्राची परिभाषा यांतील हे अंतर भाषेच्या अभ्यासकाने ध्यानात ठेवावे.) बेसॉल्ट भूपृष्ठावर येऊन लवकर थिजला, ग्रॅनाइट खोलवर सावकाश थंड झाला, असे आपण शाळेत शिकलो. ते चूक नाही. परंतु ‘सावकाश’ हे एकच क्रियाविशेषण तिथे तीन घटनांना लावले जाते : शिलारसाचे वर चढणे, त्याचा साठा होणे आणि त्याचे थिजणे.

शिलारस म्हणजे भूगर्भातील वितळलेला खडक. ग्रॅनाइटी शिलारस कवचाच्या तळाशी, सुमारे 20 ते 30 किलोमीटर खोलीवर निर्माण होऊ शकतो. तो भोवतालच्या खडकांहून हलका असल्यामुळे वर सरकतो. मात्र तो मधापेक्षा हजारो पटींनी घट्ट असतो. त्यामुळे त्याचे प्रचंड गोळे लाखो वर्षे रांगत वर येत असावेत, अशी कल्पना दीर्घकाळ रूढ होती. तिच्यात एक मोठी अडचण आहे. इतक्या मंद गतीने जाणारा गोळा आपली उष्णता वाटेतच गमावून बसेल आणि वरच्या थरांत पोहोचण्यापूर्वीच थिजेल. म्हणून 1990 नंतर अनेक संशोधकांनी भेगांचा मार्ग पुढे मांडला. काही मीटर रुंदीच्या भेगेतून शिलारस काही महिन्यांत, फार तर काही शतकांत वर येऊ शकतो, असे त्यांचे गणित सांगते. भूवैज्ञानिक कालमानात हा केवळ क्षण होय.

थिजण्याचे गणित याहून सोपे आहे. खडकातून उष्णता अत्यंत मंदपणे वाहते आणि जाडी दुप्पट झाली की शीतनाचा काळ चौपट होतो. ढोबळ मानाने, एक मीटर जाडीचा थर पंधरवड्यात थंड होतो, 10 मीटरचा सुमारे तीन वर्षांत, एक किलोमीटरचा सुमारे 30 हजार वर्षांत आणि 10 किलोमीटरचा सुमारे 30 लाख वर्षांत. अरुंद भेगेतून रस चढायचा असेल, तर घाई अपरिहार्य का, हे यावरून कळेल. स्फटिकांचा आकारही केवळ काळावर ठरत नाही. पेग्मटाइट या खडकाच्या तुलनेने अरुंद शिरांत कधी कधी मीटरभर लांबीचे स्फटिक सापडतात. तेथे रसातील पाणी आणि स्फटिकबीजांची कमी संख्या महत्त्वाची ठरते.

मग महाकाय ग्रॅनाइटी राशींचे काय? कॅलिफोर्नियातील योसेमिटीचा ‘हाफ डोम’ हा सुळका ग्रॅनोडायोराइट या ग्रॅनाइटच्या निकटवर्ती खडकाचा आहे. त्यातील झिरकॉन या खनिजाच्या कणांत युरेनियमचे शिशात रूपांतर होत असते. त्यावरून त्या कणांचे वय काढता येते. 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या वयमापनानुसार हाफ डोम ज्या समूहाचा भाग आहे, ती तुओलुम्नी राशी सुमारे साडेनऊ कोटी ते साडेआठ कोटी वर्षांपूर्वी, म्हणजे जवळपास एक कोटी वर्षे घडत होती. एकाच वेळी साठलेली राशी इतका काळ वितळलेली राहू शकत नाही. तेव्हा ती टप्प्याटप्प्याने आलेल्या रसांनी घडली असावी : प्रत्येक हप्ता झपाट्याने वर आला, तुलनेने लवकर थिजला आणि पुढचा हप्ता येईपर्यंत दीर्घ काळ गेला. एका वेळी त्यातील किती भाग द्रवरूप होता, यावर अभ्यासकांत अजून मतभेद आहेत.