पत्र्याच्या शेडमधला लेथ

उन्हाळा लागला की नांदेड-लातूरकडे रस्त्याकडेच्या रसवंत्या सुरू होतात आणि बोअरमधल्या मोटारी वर निघू लागतात. रोलर झिजल्याने ऊस नुसताच घसरतो; पंपाचा बुश वाळूने खाल्लेला असतो. पावसाळा सरता सरता सोयाबीनच्या मळणी यंत्रांचे शाफ्ट येतात, मधूनच कडबा कुट्टीची एखादी पुली, डाळमिलचा एखादा झिजलेला गाळा. नग एकच असतो आणि तो आजच्या आज हवा असतो, कारण तिकडे पीक किंवा गिऱ्हाईक खोळंबलेले असते. एमआयडीसीतल्या मोठ्या कारखान्याला असले काम परवडत नाही. ते जाते कुणाच्या तरी घरामागे, पत्र्याच्या शेडमध्ये उभ्या असलेल्या लेथवर.

लेथ सांगायला सोपे यंत्र. चकमध्ये पकडलेला जॉब फिरतो, टूल त्याला टेकून सरकत जाते आणि लोखंडाचा कीस निघत राहतो. १८०० च्या सुमारास लंडनमध्ये हेन्री मॉडस्ले याने सरकता टूल-धारक, लीड स्क्रू आणि बदलते गिअर एकाच यंत्रात बसवले. आजचा साधा लेथ अजून त्याच घडणीचा आहे. आपल्याकडे लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली किर्लोस्करवाडी वसवून लोखंडी नांगर आणि कडबा कापायची यंत्रे बनवली. पुढे १९४१ मध्ये तुंगभद्रेच्या काठी हरिहरला म्हैसूर किर्लोस्कर ही कंपनी उभी राहिली आणि तिथले लेथ देशभर गेले. १९५३ साली बंगळूरला एचएमटी आली. राजकोट आणि बटाला इथले हलके, स्वस्त लेथ छोट्या वर्कशॉपच्या आवाक्यातले. घरामागच्या शेडमध्ये येणारे यंत्र बऱ्याचदा यांपैकीच एखादे असते, आणि तेही दुसऱ्या-तिसऱ्या हातचे.

असा लेथ घरी आला की मालकाचे मन आधी नव्या वस्तूंकडे धावते. डिजिटल डिस्प्ले, कार्बाइडची टूल्स, वेग कमी-जास्त करणारा व्हीएफडी. या सगळ्या वस्तू कामाच्याच. पण जुन्या लेथवर पैसा घालायचा तर आधी लोखंड, मग वीज आणि शेवटी डिस्प्ले, हा क्रम चुकला की सगळेच महाग पडते.

लोखंड म्हणजे मुख्यतः बेड. रोजची कामे आखूड, ती सगळी चकजवळ होतात, त्यामुळे बेड तिथेच जास्त झिजतो आणि टेलस्टॉककडे जवळजवळ कोरा राहतो. त्यातच यंत्र शेडच्या उंचसखल फरशीवर ठेवले की बेडला पीळ बसतो. हा पीळ डोळ्यांना दिसत नाही, जॉबवर दिसतो. तपासायची रीत जुनी आणि बिनखर्चाची आहे. चाळीस-पन्नास मिलिमीटर जाडीचा एक बार चकमध्ये पकडून दीडशे-दोनशे मिलिमीटर बाहेर ठेवायचा. टेलस्टॉक लावायचा नाही. मधला भाग जरा उतरवून दोन्ही टोकांना एकेक कडे शिल्लक ठेवायचे. मग टूलची खोली न बदलता दोन्ही कड्यांवरून एकच हलका काप घ्यायचा आणि मायक्रोमीटर लावायचा. एक कडे ४५.०० आणि दुसरे ४५.०६ भरले तर शाफ्ट निमुळता निघणार हे नक्की. पायाखालचे लेव्हलिंग बोल्ट थोडेथोडे फिरवून पुन्हा काप, पुन्हा माप. फरक दोन-तीन शतांश मिलिमीटरच्या आत आला की मग पुढच्या खर्चाचा विचार. बोल्टांनी भागले नाही तर स्पिंडलची बेअरिंग, हेडस्टॉकची सरळ रेषा आणि बेडची झीज, सगळेच तपासावे लागते. दोष बेडच्या झिजेचाच निघाला तर बेड ग्राइंडिंग करून घ्यावे लागते.

एमरी पेपरने पॉलिश करताना बेडवर कागद अंथरावा, हेही इथेच सांगितले पाहिजे. एमरीची पूड तेलात मिसळली की बेड रोज थोडा थोडा घासला जातो. जुने मासिक या कामाला उत्तम. संपादकांची हरकत नसावी.

विजेचा प्रश्न मराठवाड्यात वेगळाच. घरच्या मीटरवर सिंगल फेज २३० व्होल्ट, लेथची मोटार मागते थ्री फेज ४१५. शेतीच्या फीडरवर थ्री फेज मिळते, पण ठरावीक तास. व्हीएफडी हे कोडे बऱ्यापैकी सोडवतो : आत सिंगल फेज घेतो, बाहेर थ्री फेज देतो. मात्र तो २३० चे ४१५ करत नाही. २ एचपीपर्यंतच्या मोटारी साधारणपणे स्टार जोडणीत येतात; सहाही टोके बाहेर असतील तर टर्मिनल बॉक्समधल्या पट्ट्या बदलून डेल्टा करता येतो आणि मोटार २३० वर नीट चालते. मोठी मोटार मुळातच ४१५ ला डेल्टात असते, तिथे ही युक्ती चालत नाही. त्यामुळे खरेदीआधी मोटारीची नेमप्लेट वाचलेली बरी.

व्हीएफडी आला म्हणून बॅक गिअर, म्हणजे स्पिंडलचा वेग उतरवून जोर वाढवणारे गिअर, काढून टाकणारेही भेटतात. ते चूक आहे. व्हीएफडीने वेग उतरवला की मोटारीची ताकदही उतरते, शिवाय तिचा पंखा मंदावल्याने ती तापते. जाड शाफ्टला हळू, जोरकस काप घ्यायचा तर बॅक गिअरच हवा.

आणि लाइट. ती जाते आणि येते, कधी येईल ते सांगता येत नाही. साध्या खटक्यावर चालणारा लेथ लाइट आल्याबरोबर आपोआप फिरू लागतो, आणि तेव्हा चकची चावी चकमध्येच अडकलेली किंवा कुणाचा हात जॉबवर असू शकतो. वीज गेली की सुटणारा आणि बटण दाबल्याशिवाय न लागणारा स्टार्टर ही पहिल्याच दिवशी बसवायची वस्तू. घरच्या शेडमध्ये पोरेटोरे ये-जा करतात, तिथे तर याला सबबच नाही. हातमोजे, लोंबती बाही, गळ्यातला गमछा यांनाही फिरत्या चकजवळ जागा नाही.

कार्बाइडचे हिशेबाने पाहावे. साध्या लोखंडावर एचएसएसचे (हाय स्पीड स्टीलचे) टूल मिनिटाला सुमारे ३० मीटर वेगाने कापते. २५ मिलिमीटरच्या शाफ्टला त्यासाठी जवळपास ३८० फेरे लागतात. कार्बाइडला १०० मीटरच्या पुढे वेग हवा, म्हणजे त्याच शाफ्टला पावणेतेराशे फेरे. ज्या जुन्या पट्ट्याच्या लेथचा कमाल वेगच पाचशे-सहाशे आहे, त्यावर महागडा इन्सर्ट आपल्या कसाला उतरत नाही. ग्राइंडरवर हाताने धार लावलेले एचएसएस तिथे सफाईदार काम देते.

आट्यांचा मामला इंच-मिलिमीटरच्या सांध्यावर उभा आहे. जीआय पाइपचे आटे अजून इंचाच्या हिशेबाचे : अर्धा आणि पाऊण इंची पाइपला इंचात १४, एक इंचापासून पुढे ११. बोल्ट मात्र मेट्रिक. जुन्या लेथचा लीड स्क्रू बहुधा इंचाचा असतो. त्यावर मेट्रिक आटे पाडायला १२७ दात्यांचा गिअर लागतो, कारण इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर आणि त्याची पाचपट बरोबर १२७. असे आटे पाडताना लीड स्क्रूला धरणारा हाफ नट मध्येच सोडला तर टूल पुन्हा त्याच घळीत येत नाही. म्हणून तो तसाच ठेवून मोटार उलटी फिरवत मागे यायचे. व्हीएफडीवर हे एका बटणाचे काम. पण चक स्पिंडलवर आट्यांनी बसवलेला असेल तर उलट्या फेऱ्यात किंवा एकदम ब्रेक लागल्यावर तो सुटून येऊ शकतो. त्याला लॉक आहे का, हे आधी पाहावे आणि वेग हळूहळूच उतरवावा.

मे महिन्यात शेड तापते आणि कापताना जॉब त्याहून तापतो. पोलादाचा ५० मिलिमीटरचा शाफ्ट ३० अंशांनी तापला की सुमारे १८ मायक्रॉन फुगतो. त्याच मापाच्या शाफ्टवर बेअरिंग बसवायला नेहमी मिळणारी सूट आहे १६ मायक्रॉन. गरम जॉब मोजून नेमके माप साधले, तर निवल्यावर बेअरिंग ढिले बसते. शेवटचा काप जॉब निवल्यावरच घ्यावा, गिऱ्हाईक कितीही घाई करो.

डिजिटल डिस्प्लेचा नंबर यानंतर लागतो. तो स्लाइड प्रत्यक्षात किती सरकली ते दाखवतो, त्यामुळे स्क्रूचा प्ले मापात येत नाही आणि हँडलचे आकडे मोजायची कटकट जाते. बेडची झीज मात्र तो झाकत नाही. उरला सीएनसी. एकाच मापाचे शेकड्यांनी बुश लागतात तिथे तो हवाच. पण घरच्या शेडमध्ये येणारा प्रत्येक जॉब वेगळा, ड्रॉइंग नसलेला, अर्धा झिजलेला. त्याचा प्रोग्राम लिहून होईपर्यंत आयटीआयमधून टर्नरचा २ वर्षांचा ट्रेड शिकून आलेला पोरगा हातलेथवर काम उरकून मोकळा होतो. जुन्या लेथला सीएनसी करायला काढलेले पैसे चार जॉच्या चांगल्या चककडे, एका डायल गेजकडे आणि बेडकडे वळवलेले बरे.