पिटबुल पाळायला बंदी आहे का?

संभाजीनगरातल्या श्वानप्रेमींच्या कट्ट्यावर हा प्रश्न हमखास निघतो. 12 मार्च 2024 ला केंद्राच्या पशुसंवर्धन विभागाने राज्यांना पत्र पाठवून पिटबुल, रॉटवायलर, केन कोर्सोसह 23 जातींची आयात, पैदास आणि विक्री थांबवायला सांगितलं. आधीच घरात असलेल्यांची नसबंदी करायची होती. संबंधितांचं ऐकून न घेता पत्र काढलं, म्हणून कर्नाटक उच्च न्यायालयाने एप्रिलमध्येच ते रद्द केलं.

म्हणजे मोकळं रान? मुळीच नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम 291 जात विचारत नाही. आपल्या जनावराबाबत पुरेशी खबरदारी घेतली नाही आणि त्यातून कुणाच्या जिवाला धोका किंवा गंभीर दुखापत संभवत असेल, तर 6 महिन्यांपर्यंत कैद, 5000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. फाटकावर ‘कुत्र्यापासून सावधान’ची पाटी लावली की जबाबदारी संपली, असं समजू नका.

माझं मत विचाराल तर सरसकट बंदीपेक्षा मालकाला परवाना हवा. सिडकोतल्या दोन खोल्यांत रॉटवायलर दिवसभर साखळीला, आणि संध्याकाळी आठवीतलं पोरगं पट्टा धरून त्याच्यामागे फरफटत चाललंय. यात कुत्र्याचा काय दोष? आणि हो, आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकणं 2017 च्या श्वान पैदास व विक्री नियमांनुसार चालत नाही. विकणाऱ्याकडे नोंदणी प्रमाणपत्र मागा. टाळाटाळ केली तर तिथूनच परत फिरा.