साप नव्हे, अहीर!

आषाढातली गोष्ट. चिपळूणजवळ, वाशिष्ठीच्या काठी माझे आजोळ. रात्रभर कोसळून पहाटे पाऊस जरा थांबला होता. विहिरीकडे जाताना ओल्या गवतात दोन हात लांब, काळपट काहीतरी वळवळले आणि मी 'साप! साप!' म्हणून ओरडत सुटलो. मामा काठी घेऊन धावले आणि दोन फटक्यांत त्यांनी निकाल लावला. इतक्यात नदीवरचा म्हातारा भोई आला. त्याने तो जीव उचलून पाहिला नि हळहळला, "अण्णा, साप कुठला? अहीर हा, मासा!"

मग त्याने मला खुणा दाखवल्या. डोक्यामागे दोन्ही बाजूंना कल्ल्याची लहानशी फट आणि चिमुकला पर. पाठीवरून शेपटीला वळसा घालून पोटाखाली आलेली परांची अखंड झालर. सापाला पर कुठले? अहिराचे खवले इतके बारीक नि कातडीत रुतलेले, की हाताला नुसता बुळबुळीतपणा लागतो. वाम दिसते अशीच, पण तिच्या पाठीवर सुट्या काट्यांची रांग असते आणि तोंड सोंडेसारखे निमुळते.

आमच्याकडे मासे शिजत नसत. भोयाने तो घरी नेला. अहिराचे मांस तेलकट नि चविष्ट. मात्र त्याचे कच्चे रक्त विषारी असते. नीट शिजवले की विष जाते.

अहीर दिवसा दगडाखाली, काठच्या बिळात दडतो. रात्री खेकडे, कोळंबी, लहान मासे खातो. कातडीवाटेही श्वास घेत असल्यामुळे ओल्या गवतातून तो खुशाल सरपटतो. पण खरे नवल पुढेच आहे. नदीत कित्येक वर्षे वाढलेला हा मासा अंडी घालायला समुद्रात जातो, आयुष्यात एकदाच, आणि तिकडेच मरतो. पानासारखी चपटी, पारदर्शक पिले प्रवाहाबरोबर किनाऱ्याला येतात, काचेच्या दोऱ्यांसारखी होतात आणि नदी चढू लागतात. युरोपातल्या अहिराचे जन्मस्थान शोधायला योहानेस श्मिट हा डॅनिश शास्त्रज्ञ १९०४ पासून समुद्र धुंडाळत होता. अटलांटिकमधला सारगॅसो समुद्र हे त्याचे उत्तर १९२२ नंतर जगापुढे आले. जपानी अहिराची अंडी तर भर समुद्रात २००९ साली प्रथम हाती लागली!

आज या वाटेवर जागोजाग धरणांच्या भिंती उभ्या आहेत. चढणारे पिलू खाली अडते, उतरणारा अहीर वर.

आणि त्या सकाळचा तो अहीर? कदाचित तो समुद्राकडेच निघाला असेल. पावसाळ्यात गवत हलले की अजून मी दचकतो. पण काठी शोधण्याआधी वाकून पर शोधतो.