कॅरीत भेंडी कधी लावायची?
पाडवा झाला, दुपारचं ऊन तापू लागलं, की नॉर्थ कॅरोलिनातल्या कॅरी गावातल्या मराठी घरांत भेंडीच्या बिया बाहेर निघतात. थोडं थांबा. इथे एप्रिलच्या मध्यापर्यंत रात्री दंव गोठू शकतं, आणि भेंडीला नुसती हवा नव्हे, मातीही उबदार लागते: निदान १८ अंश सेल्सियस. इथली लाल चिकणमाती पाणी धरून ठेवते, म्हणून उशिरा तापते; गार चिखलात बी कुजतं.

‘पण दुकानात मार्चमध्येच टोमॅटोची रोपं येतात की!’ येतात, पण थंडीच्या रात्री ती झाकायला दुकानदार येत नाही. तोवर वाफा रिकामा कशाला ठेवायचा? मेथी, पालक, कोथिंबिरीला हाच गारवा मानवतो. मे-जूनच्या उन्हात कोथिंबीर लगेच फुलावर येते.